रविवार, गच्ची आणि राखेचे डबे

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागे एक टॉवर उठत होता आणि त्याच्या कडेला पत्र्याच्या शेड्समध्ये मजुरांची वस्ती होती. माझ्याकडे तेव्हा नवीन कॅमेरा आलेला. नवीन कॅमेरा आलेला प्रत्येक आयटीवाला पहिले तीन महिने 'स्ट्रीट फोटोग्राफर' असतो, तसा मीही होतो. एका शनिवारी सकाळी लवकर उठून (हो, शनिवारी! लवकर!) तिकडे गेलो. एक बाई चुलीपुढे बसली होती. केस पिंजारलेले, मांडीवर पोर, धूर आणि त्या धुरातून आलेलं तिरपं ऊन. काढला फोटो.

बाईनं वर पाहिलं. म्हटलं, आता शिव्या बसणार. पण ती म्हणाली, "काय दादा, उद्या तरी काढायचा! उद्या सुट्टी असती, डोक्यावरनं न्हाते मी. हा काय अवतार!"

मी ओशाळं हसून तिथून सटकलो. रात्री फोटो मात्र टाकला. खाली कॅप्शन दिलं, 'जगण्याची लढाई'. लाईक्सचा पाऊस पडला. टीममधल्या एकानं तर डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. आणि मला त्या रात्री उगाचच अपराधी वाटत राहिलं. कारण 'उद्या काढायचा' हे वाक्य फोटोत कुठेच आलेलं नव्हतं.

हे वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं. त्याचा अर्थ थोडाफार लागला तो यंदा न्यूयॉर्कमध्ये, आणि तोही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका चित्रकारामुळे.

झालं असं, की चार महिन्यांसाठी ऑनसाईट होतो. राहायला जर्सी सिटीत. वीकेंडला पाथ ट्रेन पकडायची आणि मॅनहॅटनमध्ये पाय दुखेपर्यंत भटकायचं, हा कार्यक्रम. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात चाळता चाळता एका चित्रावर थांबलो. एका इमारतीची गच्ची. लख्ख ऊन. तीन तरुण बायका केस धुऊन वाळवतायत, मागे दोरीवर कपडे वाळतायत. गप्पा चालल्या असाव्यात, आणि त्या गप्पांत कुणाची तरी टवाळी असावी असे एकंदर चेहरे. चित्राचं नाव 'रविवार, केस वाळवणाऱ्या बायका'. चित्रकार जॉन स्लोन. साल १९१२.

मी तिथेच उभा राहिलो. 'उद्या सुट्टी असती, डोक्यावरनं न्हाते मी.' कुणीतरी तो 'उद्या'चा फोटो काढून ठेवलेला होता!

मग काय, शनिवार-रविवार स्लोनच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मला रस आहे तो एकाच प्रश्नात : गरीब माणसाकडे बघायचं कसं?

नोकरी गेली, चित्रकार झाले

गोष्ट सुरू होते ती न्यूयॉर्कच्या अलीकडे, फिलाडेल्फियात, १८९० च्या दशकात. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापता येत नसत. मग आग लागली, अपघात झाला, खटला चालला की तिथे वार्ताहराबरोबर चित्रकार धावायचा. कागदाच्या चिठोऱ्यावर चार रेघा मारायच्या, पळत ऑफिस गाठायचं आणि आठवणीतून आख्खं दृश्य उभं करायचं. अंक रात्रीच छापायचा असे. डेडलाईन म्हणजे काय हे त्यांनी आपल्याला शिकवावं.

जॉन स्लोन, विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स आणि एव्हरेट शिन ही चार पोरं फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रांत हेच काम करायची. संध्याकाळी रॉबर्ट हेन्रीच्या स्टुडिओत जमायची. हेन्री या सगळ्यांहून थोडा मोठा, पॅरिसमध्ये शिकून आलेला. गप्पा, पुस्तकं, नाटकं, बिअर सगळं असायचं. हेन्री त्यांच्या मागे लागला, की बाबांनो, बातमीसाठी जे रोज बघता तेच रंगवा. देवदूत, राण्या, सुंदर बागा हे रंगवणारे खूप आहेत.

आणि मग तंत्रज्ञान आलं. हाफटोन नावाची पद्धत. फोटोचं बारीक-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर करायचं आणि तो अक्षरांच्या शेजारी छापायचा. १८९० च्या दशकाच्या अखेरीस ती वेगवान छपाईयंत्रांवर चालायला लागली आणि वर्तमानपत्रातल्या चित्रकाराचं काम हळूहळू फोटोग्राफरकडे गेलं. (एआयच्या बातम्या वाचून सध्या ज्यांची झोप उडालीय, त्यांनी इथे एक सुस्कारा सोडायला हरकत नाही. मीही सोडला.)

एकेक करून ही मंडळी न्यूयॉर्कला सरकली. ग्लॅकन्स आणि लक्स १८९६ ला, शिन पाठोपाठ, हेन्री १९०० ला, आणि सगळ्यात शेवटी, १९०४ मध्ये, स्लोन. तो तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा, बायको डॉली सोबत. पोटासाठी मासिकांची चित्रं आणि फिलाडेल्फियाच्या पेपरासाठी रविवारची चित्रकोडी. जागा मिळाली तेविसाव्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. मागच्या बाजूला खिडक्या. आणि खिडक्यांबाहेर न्यूयॉर्क.

रीसचा फ्लॅश

ते न्यूयॉर्क कसं होतं? १९०० साली लोकसंख्या चौतीस लाखांच्या वर, १९१० पर्यंत सत्तेचाळीस लाखांच्या पुढे. इटली, रशिया, पोलंडहून आगबोटी भरभरून माणसं येत होती. १९०७ या एका वर्षात एलिस बेटावरून दहा लाखांहून जास्त माणसं उतरली. त्यातली बरीच लोअर ईस्ट साईडच्या टेनेमेंट्समध्ये शिरली. टेनेमेंट म्हणजे आपली चाळ समजा, फक्त जास्त उंच, जास्त अंधारी, आणि मोकळी गॅलरी नसलेली. गॅलरीच्या जागी लोखंडी जिना आणि गच्ची.

या गरिबीचे फोटो तोपर्यंत जगाने पाहिले होते. जेकब रीस नावाचा डेन्मार्कहून आलेला पत्रकार होता. तो स्वतः सुरुवातीला इतका कफल्लक, की पोलीस चौकीतल्या निराधारांच्या खोल्यांत झोपलेला. पुढे पोलीस खात्याच्या बातम्या देता देता १८८७ च्या सुमाराला त्याला फ्लॅशच्या पावडरीचा शोध लागला. मग तो आणि त्याचे साथीदार रात्री-अपरात्री अंधाऱ्या खोल्यांत शिरायचे, भक्कन उजेड पाडायचे आणि दचकून जागी झालेली माणसं काचेवर पकडून बाहेर पडायचे. एकदा तर या पावडरीने त्याच्या हातून खोलीलाच आग लागली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज'.

आता रीसला नावं ठेवणं सोपं आहे. त्या पुस्तकात ज्यू, इटालियन, चिनी लोकांबद्दल जे सरसकट शेरे आहेत ते आज वाचवत नाहीत. पण खरं बोलायचं तर त्याच्या फोटोंनी काम केलं. मलबेरी बेंड नावाची कुप्रसिद्ध वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. तो स्वतः जिथे झोपला होता त्या पोलीस चौकीतल्या खोल्या थिओडोर रूझवेल्टने पोलीस आयुक्त असताना १८९६ मध्ये बंद केल्या. १९०१ साली टेनेमेंटचा नवा कायदा आला. उजेड, वारा, घरटी संडास या गोष्टी नव्या इमारतींना सक्तीच्या झाल्या. त्यात रीस एकटा नव्हता, पण त्याचा वाटा मोठा होता.

स्लोनच्या चित्रांनी एक खिडकीही मोठी झाली नाही. मग त्याच्याबद्दल का लिहायचं?

कारण रीसचे फोटो ओळीने बघितले की एक गोष्ट लक्षात येते. त्यातल्या माणसांजवळ काय नाही हे आपल्याला नेमकं कळतं. उजेड नाही, जागा नाही, बूट नाहीत. पण ती माणसं एकमेकांशी काय बोलतात, कशावर हसतात, रविवारी काय करतात, याचा पत्ता लागत नाही. माझ्या चुलीपुढच्या फोटोसारखंच. ती 'समस्या' आहेत. आणि समस्या केस वाळवत नाही.

'हे असलं घरात कोण टांगणार?'

१९०५-०६ मध्ये स्लोनने न्यूयॉर्कच्या जीवनावर दहा एचिंग्ज केली. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून काढलेला छाप. विषय काय? उकाड्यामुळे गच्चीवर झोपलेली कुटुंबं. पसाऱ्याने भरलेल्या खोलीत पेपरातलं बायकांचं पान वाचत बसलेली एक बाई. एक सेंट टाकून यंत्रात डोकावून खिदळणाऱ्या मुली. अमेरिकन वॉटरकलर सोसायटीने १९०६ मध्ये ती प्रदर्शनासाठी मागवली आणि त्यातली चार 'अश्लाघ्य' म्हणून परत केली. बाई पलंगावर बसून दिवा मालवतेय, पलीकडे नवरा आहे, यात एवढं काय होतं कोण जाणे! मला वाटतं, त्रास नागडेपणाचा नव्हता. गरीब माणूस दीनवाणा दिसला असता तर चाललं असतं. तो मजेत होता, आणि प्रेक्षकाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

१९०७ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाईनच्या परीक्षक मंडळाने लक्स, ग्लॅकन्स वगैरेंची चित्रं नाकारली. हेन्री स्वतः त्या मंडळावर होता. त्याने चिडून आपली चित्रं काढून घेतली. मग आठ जणांनी मिळून वेगळं प्रदर्शन भरवलं, ३ फेब्रुवारी १९०८ ला, फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मॅकबेथ गॅलरीत. आठांपैकी तिघांची शैली वेगळी होती, पण गाजले ते हे फिलाडेल्फियावाले. गर्दी लोटली. टीकाकारांपैकी काहींना हे घाणीचे पुजारी वाटले, काहींना आवडलं. विकली गेली सात चित्रं. त्यातली चार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या बाईंनी घेतली, ज्यांनी पुढे व्हिटनी म्युझियम काढलं.

स्लोनचं एकही विकलं गेलं नाही. त्याचं पहिलं चित्र विकलं गेलं ते १९१३ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आणि घेणाराही शाळासोबती, औषधांच्या धंद्यात पैसा केलेला अल्बर्ट बार्न्स. म्हणजे तोपर्यंत इतकी वर्षं हा माणूस कोणीही न मागितलेली चित्रं काढत होता. कोडी बनवून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम. (साईड प्रोजेक्ट हो! आपली सहा महिन्यांत धूळ खायला लागतात.)

खिडकीतला माणूस

स्लोनची रीत अशी. शहरभर पायी हिंडायचं, दिसेल ते डोक्यात साठवायचं, घरी येऊन रंगवायचं. पेपरातली सवय इथे कामी आली. १९०७ मध्ये हेन्रीकडे जाताना त्याला सहाव्या अव्हेन्यूवर एक केशभूषेचं दुकान दिसलं. पहिल्या मजल्याच्या उघड्या खिडकीत एक बाई गिऱ्हाइकाचे केस रंगवतेय आणि खाली रस्त्यावर बघ्यांचा घोळका तोंड वर करून उभा. परतल्यावर त्याने ते आठवणीतून रंगवलं. ते चित्र आज हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. बघण्यासारखं काय आहे त्यात? तेच. बघणारे लोक.

उरलेला वेळ तो आपल्या मागच्या खिडकीत. समोरच्या इमारतीतल्या दोन बायका रात्री तीन वाजता जाग्या दिसायच्या. एक नुकतीच बाहेरून आलेली, डोक्यावर हॅट तशीच, चहा पितेय, दुसरी रात्रीच्या कपड्यांत शेगडीपुढे काहीतरी शिजवतेय. त्या कोण, काय करतात, यावर त्याने चित्रात काहीही मत दिलेलं नाही. 'थ्री ए. एम.' हे त्या चित्राचं नाव, १९०९ चं. अकॅडमीने तेही परत पाठवलं.

इथे मला थोडं अडखळायला झालं. हे चोरून बघणंच नाही का? स्लोनच्या डायऱ्या छापल्या गेल्यात. त्यात तो स्वतःच कबूल करतो, की खिडकीतून दिसणारं आयुष्य बघायची त्याला सवय आहे आणि आपण कुणाला दिसणार नाही याची तो काळजी घेतो. म्हणजे रीसने निदान तोंडावर फ्लॅश मारला. माझ्या चुलीपुढच्या बाईलाही मी दिसत होतो, म्हणून तर ती बोलू शकली. स्लोनच्या बायकांना ती संधी नव्हती. आज कुणी समोरच्या फ्लॅटवर असा डोळा ठेवला तर सोसायटीच्या ग्रुपवर काय होईल, सांगायला नको.

दुसरी खोट म्हणजे या मंडळींच्या चित्रांत काम कमी आणि कामानंतरचं जास्त. बाजार, बार, मुष्टियुद्धाचे आखाडे, समुद्रकिनारा, थिएटर. कारखान्याच्या आत सहसा कुणी शिरत नाही. सगळं हसतं-खेळतं, जरा जास्तच. गरीब माणसं किती आनंदी असतात नै, असं म्हणून सुखवस्तू माणसाने घरी जाऊन झोपावं, हा धोका या चित्रांत आहेच.

स्लोनला हा धोका कळत नव्हता असं मात्र नाही. तो १९१० मध्ये सोशलिस्ट पक्षात गेला, डॉली त्याच्याइतकीच किंवा जास्तच कामात. पक्षाच्या तिकिटावर तो राज्याच्या विधानसभेलाही उभा राहिला आणि पडला. पक्षाच्या पेपरांसाठी त्याने एकाहून एक जहाल व्यंगचित्रं काढली. पण रंगवायला बसला की तो पक्ष बाहेर ठेवायचा. याचा अर्थ कळायला एक तारीख मध्ये आणावी लागते.

२५ मार्च १९११

त्या दिवशी शनिवार होता. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी, बायकांचे ब्लाऊज शिवण्याचा कारखाना. काम सुटायच्या वेळी आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाची शिडी पोचत होती सहाव्या मजल्यापर्यंत. १४६ माणसं गेली. त्यातल्या बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या मुली आणि तरुण बायका, सगळ्यात लहान १४ वर्षांच्या. कित्येकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. याच कारखान्यातल्या मुलींनी दीडेक वर्षापूर्वीच मोठा संप केला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालक खटल्यातून निर्दोष सुटले.

स्लोनने लगेच सोशलिस्टांच्या 'कॉल' या पेपरासाठी व्यंगचित्र काढलं. एक काळा त्रिकोण. तीन बाजूंना तीन शब्द : भाडं, व्याज, नफा. एका अंगाला मृत्यू, दुसऱ्या अंगाला लठ्ठ भांडवलदार आणि मध्ये जळालेली मुलगी. यात संदिग्ध काही नाही. बोट थेट रोखलेलं आहे आणि तसंच असायला हवं होतं.

पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, स्लोन ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहायला आला. सहाव्या अव्हेन्यूवर, एका त्रिकोणी (!) इमारतीत उंचावर त्याने स्टुडिओ घेतला. तिथून शेजारच्या कॉर्नेलिया स्ट्रीटच्या गच्च्या दिसायच्या. आपलं केस वाळवणाऱ्या बायकांचं चित्र त्या वर्षीचं, त्या गच्च्यांवरचं.

एका रविवारी मी क्रिस्टोफर स्ट्रीटला पाथमधून उतरलो, कॉर्नेलिया स्ट्रीटवर गेलो आणि तिथून ॲश बिल्डिंगपर्यंत चालत गेलो. मध्ये वॉशिंग्टन स्क्वेअर लागतो. रमतगमत दहा-बारा मिनिटं. इमारत अजून उभी आहे, आता ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीकडे आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे स्मारक झालं. पोलादी पट्टी आहे, तिच्यात गेलेल्यांची नावं आरपार कापलेली. खाली काळी, आरशासारखी फळी. नावं वर बघून वाचायची नाहीत, खाली त्या फळीतल्या प्रतिबिंबात वाचायची. वाचताना त्याच फळीत आपलं तोंड दिसतं.

त्या मुली सहा दिवस काम करायच्या. शनिवारीही. म्हणजे केस धुवायला रविवारच. चित्रातल्या तिघी कुठल्या कारखान्यात होत्या, होत्या की नाही, चित्र सांगत नाही. स्लोननेही या दोन गोष्टी जोडलेल्या नाहीत, मी जोडतोय. पण तिथून परत येताना मला ते हसतं-खेळतं चित्र हसतं-खेळतं वाटेना. व्यंगचित्र सांगतं, कुणी मारलं. केस वाळवणारं चित्र सांगतं, काय गेलं. १४६ जणांचा रविवार गेला. तो रविवार कसा होता हे आपण आधी बघितलेलंच नसेल, तर जळलेली मुलगी फक्त 'जळलेली मुलगी' राहते. हळहळ वाटते, आणि पान उलटलं जातं.

कॅप्शनचं भांडण

आणि आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे भांडण. स्लोन 'द मासेस' नावाच्या डाव्या मासिकात चित्रांचं काम बघायचा, पगार शून्य. चित्रं खाली मजकूर घालून छापली जात. जॉर्ज बेलोज हा हेन्रीचा विद्यार्थीही त्यात होता. १९१३ मध्ये त्याने लोअर ईस्ट साईडच्या उन्हाळ्याचं चित्र केलं. टेनेमेंट्सच्या मधल्या रस्त्यावर माणसांचा नुसता पूर, पोरं, वाळत घातलेले कपडे, जिन्यांवर लटकलेली कुटुंबं. तेच दृश्य रेखाटन म्हणून मासिकात आलं तेव्हा खाली खोचक ओळ होती. मतलब असा, की हे सगळे सुट्टीला गावी का जात नाहीत? रंगवलेलं मोठं चित्र मात्र 'क्लिफ ड्वेलर्स', कड्यावर राहणारे, एवढ्याच नावाने उभं आहे. ते आज लॉस एंजेलिसला आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. ओळ असली की आपण आधी ओळ वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. नसली की प्रत्येक खिडकीत शिरावं लागतं.

१९१६ मध्ये हे भांडण पेटलं. स्लोन आणि काही चित्रकार म्हणाले, आमच्या चित्रांखाली संपादकांनी धोरणाच्या ओळी चिकटवू नयेत. दुसऱ्या बाजूला आर्ट यंग हा ज्येष्ठ व्यंगचित्रकार. त्याचं म्हणणं, मासिक समाजवादासाठी आहे, आणि या लोकांना नुसते राखेचे डबे आणि रस्त्यावर स्कर्ट सावरणाऱ्या पोरी छापायच्यात! कोळशाच्या शेगड्यांची राख डब्यात भरून फुटपाथवर ठेवायची तेव्हा पद्धत होती, त्याचा हा टोमणा. मतदान झालं, स्लोन हरला आणि राजीनामा देऊन बाहेर पडला. टोमणा तेवढा मागे राहिला. १९३० च्या दशकात कलेच्या इतिहासकारांनी तोच उचलला आणि या सगळ्यांचं नाव पडलं 'ॲशकॅन स्कूल', म्हणजे राखेच्या डब्यांचं घराणं!

तोवर ते जुनेही झाले होते. १९१३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या आर्मरीत युरोपातल्या नव्या चित्रांचं प्रचंड प्रदर्शन भरलं. पिकासो, मातीस, द्यूशां. पाच वर्षांपूर्वीचे बंडखोर एका महिन्यात आजोबा ठरले. आपल्याकडे नव्या फ्रेमवर्कचं व्हर्जन आलं की होतं तसंच.

त्या भांडणात बरोबर कोण? आर्ट यंग पूर्ण चूक होता असं मला म्हणवत नाही. कुलूपबंद दारासाठी व्यंगचित्रच लागतं, रीसचा फ्लॅशच लागतो. केस वाळवणाऱ्या बायकांनी कुठलाही कायदा बदलत नाही. पण सगळीच चित्रं फ्लॅशची झाली, तर समोरच्या माणसाला आपण त्याच्या सगळ्यात वाईट क्षणीच ओळखतो. आणि तोच त्याचा चेहरा, असं धरून चालतो. स्लोनने दोन्ही कामं केली आणि एकात दुसरं मिसळलं नाही, हे मला मोठं वाटतं.

पुण्यात परत आलो तेव्हा मागचा टॉवर पूर्ण झाला होता. पत्र्याच्या शेड्सच्या जागी लॉन आहे आणि त्यावर चालायला मनाई आहे. वॉचमनला विचारलं, ती माणसं कुठे गेली? म्हणाला, "गेली असतील दुसऱ्या साईटवर. तुमचं काय काम होतं?" काय सांगणार! त्या बाईचं नाव मी विचारलेलं नव्हतं.

तो फोटो मी काढून टाकला नाही. कॅप्शन तेवढं काढलं. कॅप्शन काढल्यावर नीट पाहिलं तर तिच्या मागे, शेडच्या दाराला अडकवलेला एक छोटा आरसा आहे आणि त्याच्या खिळ्याला कंगवा. वर्षभर तो माझ्या लक्षातच आला नव्हता.

असो. फारच लांबलं आज. उद्या रविवार आहे, सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडावं म्हणतो. यावेळी आधी विचारीन.